वाफा क्रमांक सतरा

सोमवार, ९ जानेवारी २०२३
मेलबर्न

डोरिस,

‘प्रिय’ हा शब्द लिहावा की नाही यावर मी दहा मिनिटे घालवली आणि न लिहिण्याचे ठरवले.

तू माझे सात फोन घेतले नाहीस. आठवा मार्लीनने घेतला. “आई अंघोळीला गेलीये, मामा,” असे तुझी मुलगी मला सांगत होती आणि मागून तुझा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. चीज भरलेल्या माल्टी पास्तित्सीची पोळी किती पातळ लाटायची, हे तू कुणाला तरी शिकवत होतीस. मकायमध्ये लोक अंघोळ करता करता पीठ लाटत असतील, तर माझे काही म्हणणे नाही. पण यापुढे मी पत्रच लिहीन. पत्राला अंघोळीचे कारण सांगता येत नाही.

आपल्या सामुदायिक बागेच्या फाटकाची किल्ली तू पाकिटात घालून शेजारच्या वाफ्यातल्या श्री. थो यांच्या हाती पाठवलीस. नियम अकरा असे सांगतो की, सोडून जाणाऱ्या सभासदाने किल्ली चिटणिसाकडे स्वतः द्यावी. चिटणीस तुझा सख्खा भाऊ आहे आणि तुझ्यापासून चार घरे सोडून राहतो. ती चार घरे तुला चालवली नाहीत. क्वीन्सलँडपर्यंतचे दोन हजार किलोमीटर मात्र जमले.

आता मुद्द्याचे. १७ डिसेंबरला समितीने तुझे सभासदत्व रद्द केले. नियम चौदानुसार त्याविरुद्ध नव्वद दिवसांच्या आत लेखी अपील करता येते. ते सभासदाने स्वतः, स्वतःच्या सहीने करायचे असते. मुदत १७ मार्चला संपते. तोवर वाफा क्रमांक सतरा रिकामा ठेवला जाईल. १८ मार्चला तो प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या नावाकडे जाईल. त्या जोडप्याने सहा वर्षे वाट पाहिली आहे.

मकायमध्ये तू ही हकिकत वेगळ्या तऱ्हेने सांगत असशील, म्हणून ती इथे लिहून ठेवतो. दर वर्षीप्रमाणे नोव्हेंबरमधल्या कप डेच्या सुट्टीला चाळीसही वाफ्यांत टोमॅटोची रोपे लावली गेली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाने आवळलेल्या मुठीसारखी वळू लागली. घेवड्याचे वेल पिळून निघाले. एकोणचाळीस वाफ्यांत एक झाड सरळ राहिले नाही. चाळिसावा वाफा तुझा. त्यात टोमॅटो माणसाच्या खांद्याला लागत होते. नगरपालिकेच्या बागतज्ज्ञाने छायाचित्र पाहिले आणि एका शब्दात सांगितले: तणनाशक. आपल्या बागेत ते आणायला बंदी आहे. नियम नऊ: जो सभासद बागेत रसायन आणील त्याचे सभासदत्व जाईल, हेतू काहीही असो. तुझ्या अवजारांच्या खोक्यात नाव न लिहिलेली फवाऱ्याची बाटली सापडली. पायवाटेवरच्या हरळीला तू देतेस त्या शिव्या सगळ्या बागेने ऐकलेल्या आहेत. ऑक्टोबरच्या श्रमदानात सर्वांनी प्रत्येकी तीन ढकलगाड्या खत घेतले. तू घेतले नाहीस, त्याचीही नोंद आहे.

तुला बोलण्याची संधी दिली होती. तू काय केलेस? उठलीस, पर्स काखेत मारलीस आणि म्हणालीस, “घरी येऊन विचारलं असतंस मॅनी, तर सांगितलं असतं. तू सभेत विचारलंस. आता सभेलाच विचार.” याला उत्तर म्हणत नाहीत.

निर्णय समितीने घेतला. समितीने, डोरिस. मी नव्हे.

इमॅन्युएल बुहाजार
चिटणीस


रविवार, २९ जानेवारी २०२३

डोरिस,

माझे पत्र परत आले. तू ते उघडलेस, वाचलेस, पुन्हा चिकटवलेस आणि टपालाचे नवे तिकीट लावून माघारी धाडलेस. वाचले नाहीस असे दाखवायचे होते, तर निदान पास्तित्सीचे तूप पाकिटाच्या आत लागू द्यायचे नव्हते.

तुझ्या वाफ्याला पाणी कोण घालते, असा प्रश्न तुला पडला असेल. कुणी नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सातला मी माझ्या वाफ्याला पाणी घालतो. माझा अठरावा, तुझा सतरावा. नळी तुझ्या वाफ्यावरून जाते. नळी जुनी आहे. ती गळते.

सोळाव्या वाफ्यातून श्री. थो हे सर्व पाहत असतात. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, गालिच्यांच्या कारखान्यात तीस वर्षे यंत्रावर उभा राहिलेला. त्याने आपल्या दोडक्यांकडे पाहावे. पण नाही. “काय चिटणीससाहेब, आज गळती जोरात आहे हं,” असे तो दर शुक्रवारी म्हणतो.

तुझे टोमॅटो लाल झाले आहेत आणि त्यांना कुणी हात लावत नाही. त्यांच्याभोवती लाल-पांढरी फीत मीच बांधली होती. विषाची शंका होती, म्हणून. आता ते वेलावर फुटून खाली पडतात आणि एवढे चांगले फळ मातीत सडताना पाहून माझ्या कपाळाची शीर उठते. याला तू जबाबदार आहेस. तू एक ओळ लिहिली असतीस, तर प्रकरण एव्हाना मिटले असते.

“खा की एक,” श्री. थो म्हणाले. “मेलास तर तुझ्या वाफ्यात मी भोपळा लावतो.”

मी चाचणीसाठी एक खाल्ला. काही झाले नाही.

“आत्तापर्यंत चाचणीचे किती झाले?” पुढच्या मंगळवारी त्यांनी विचारले. मी नळी पुढे ओढली. तू टोमॅटोंना मीठ घालत नाहीस आणि तरी ते खारट-गोड लागतात, हे कसे, ते मला कधी कळलेले नाही.

आणखी एक गोष्ट. तू ३ जानेवारीला विमानाने गेलीस. ५ जानेवारीला मी जुनी झाडे उपटून अठराव्या वाफ्यात नव्याने घेवडा पेरला. तोही वळला आहे. आपल्या ग्रीक स्टेलियोसच्या वाफ्यातलाही वळला. तू इथे नाहीस आणि झाडे मरतच आहेत. म्हणजे तू जाण्यापूर्वी कुणाला तरी दुसरी किल्ली करून दिली आहेस आणि ती व्यक्ती तुझे काम पुढे चालवते आहे. ती कोण, हे मी शोधून काढीन.

अपिलाची मुदत १७ मार्च आहे. सत्तेचाळीस दिवस राहिले.

इमॅन्युएल


रविवार, १९ फेब्रुवारी २०२३

डोरिस,

मी अत्यंत संतापलेलो आहे. कुणावर, ते लिहिता लिहिता ठरेल.

काल सकाळी श्री. थो यांनी मला त्यांच्या ओसरीवर बोलावले.

“बस. चहा घे. मग भांडायचं तर भांड.”

“मी भांडायला आलेलो नाही.”

“तुझं तोंड तर त्यासाठीच आलंय. बस.”

कठड्यावर दह्याचे तीन रिकामे डबे होते. प्रत्येकात माती आणि घेवड्याची चार रोपे, तीन आठवड्यांची. पहिल्या डब्यातली सरळ, रुंद पानांची. दुसऱ्यातली वळलेली. तिसऱ्यातली जेमतेम उघडून तशीच मिटलेली, जणू कुणी त्यांच्या कानाखाली मारली आहे.

“पहिल्यात डोरिसच्या वाफ्यातली माती,” श्री. थो म्हणाले. “दुसऱ्यात तुझ्या वाफ्यातली. तिसऱ्यात फाटकाजवळच्या ढिगातली लीद. आता सांग. डोरिस मकायहून येऊन माझ्या ओसरीवर फवारा मारून गेली का?”

मी डबे उलटसुलट करून पाहिले. खाली पेन्सिलने तारखा लिहिल्या होत्या. तारखा बरोबर होत्या.

“हे तुम्ही कधी सुरू केलंत?”

“तुझी नळी गळायला लागली तेव्हा.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“तू ऐकतोस कुठे, मॅनी? तू लिहून घेतोस.”

तिथूनच मी तबेल्याच्या मालकाला फोन केला. ऑक्टोबरच्या खतासाठी घोड्याची लीद त्याच्याकडून मी आणवली होती. त्याला मीच शोधले, तारीख मी ठरवली, आणि गाडी आली तेव्हा फाटकाशी मी उभा होतो. “हो, गवत फवारलेलं होतं ना, साहेब,” तो म्हणाला, जणू मी त्याला हवापाणी विचारले होते. “रुंद पानाच्या तणासाठी. घोड्याला काही होत नाही. औषध पोटातनं जसंच्या तसं बाहेर पडतं. नवलकोल लावा, मका लावा, काही होणार नाही. टोमॅटोला नाही चालत.”

“हे तुम्ही मला सांगायला हवं होतं.”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

मी विचारले नव्हते? मी अकरा प्रश्न विचारले होते. किती घनमीटर, किती वाजता, गाडी फाटकातून आत येईल का, लीद किती महिने कुजलेली, ढीग किती उंच होईल. घोडे काय खातात, हे मात्र मी विचारले नव्हते.

आणि मग तू. ऑक्टोबरच्या त्या शनिवारी तू ढिगाशेजारी कमरेवर हात ठेवून उभी होतीस. “मॅनी, या ढिगावर नुसतं गवत उगवलंय. रुंद पानाचं एक तण नाही. मला नाही आवडत हे,” असे तू म्हणालीस. मी म्हणालो, “तुला न आवडणाऱ्या गोष्टींची यादी नियमावलीत नाही, डोरिस.” लोक हसले. तू तुझ्या तीन गाड्या घेतल्या नाहीस आणि आल्टोनाच्या किनाऱ्यावरून समुद्रशेवाळाची पोती आणून वाफ्यात पुरलीस.

तुला ऑक्टोबरमध्ये दिसले होते. मग डिसेंबरमध्ये तेच वाक्य पुन्हा म्हणायला तुझे काय जात होते? दहा शब्दांचे वाक्य! एकोणचाळीस वाफे मेले आणि तू पर्स काखेत मारून निघून गेलीस! प्रत्येक वाफ्याला तीन गाड्या, वर फळी फिरवून सपाट केलेल्या, कुणाला कणभर कमी नाही, कुणाला जास्त नाही. इतके समान वाटप या बागेत कधी झाले नव्हते. ते मी केले, डोरिस. माझ्या हातांनी. आणि तू गप्प बसलीस.

आता तू निर्दोष आहेस, हे सिद्ध झालेले आहे. त्यामुळे अपील करायला अडचण नाही. एक ओळ आणि सही. सव्वीस दिवस.

इमॅन्युएल


रविवार, ५ मार्च २०२३

डोरिस,

तुझी ओळ आलेली नाही. बारा दिवस राहिले आहेत.

मागच्या पत्रात मी तुला ‘गप्प बसलीस’ असे लिहिले. ते पत्र टाकल्यापासून ते दोन शब्द माझ्या डोक्यात घण घालत आहेत, कारण गप्प बसलेली व्यक्ती दुसरी होती. ती कोण, ते लिहितो. हे लिहिताना मला तुझा राग येतो आहे, कारण तू समोर असतीस तर ओरडली असतीस आणि मला इतके नीट लिहावे लागले नसते.

१५ डिसेंबरला, सभेच्या दोन दिवस आधी, अवजारांच्या खोलीत मी तुझी फवाऱ्याची बाटली उघडून पाहिली. तिला लसणाचा आणि धुण्याच्या साबणाचा वास येत होता. आई मावा किडीसाठी वालावर मारायची, तेच पाणी. घर भरून वास यायचा आणि आपण दोघे नाक दाबून अंगणात पळायचो. मला पाच सेकंदांत ओळखू आले. मी बूच घट्ट लावले. सभेत ती बाटली मी टेबलावर मधोमध ठेवली आणि कुणी ती उघडली नाही. मी कुणाला उघडायला सांगितले नाही.

मी लिहिले होते की निर्णय समितीने घेतला. आपली अध्यक्ष ब्रॉन्विन खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात होती, त्यामुळे तिच्या जागी मी बसलो होतो. तुला काढण्याच्या बाजूने चार हात, चार विरोधात. अशा वेळी अध्यक्षाला सभा पुढे ढकलता येते. नियम तसा आहे. तो मीच लिहिला आहे. मी सभा पुढे ढकलली नाही. नववा हात माझा होता.

का, हे तू विचारशील. किंवा विचारणार नाहीस. तुला माहीत असेल.

अकरा वर्षे या बागेचा प्रत्येक अर्ज मी लिहिला. नळजोडणीसाठी नगरपालिकेशी एकोणीस महिने पत्रव्यवहार मी केला. रेल्वेच्या कुंपणालगतची ती जागा विषारी नाही, हे मातीचे नमुने काढून मी सिद्ध केले. आणि वस्तीत कुणालाही विचार, लोक म्हणतात ‘डोरिसची बाग’. स्थानिक वर्तमानपत्रात फोटो आला, तोही तुझा, हातात भोपळा घेऊन. तो भोपळा समितीतल्या हालिमाचा होता.

डिसेंबरमध्ये सगळे वाफे पिळवटले होते आणि लोक तुझ्या कुंपणाशी गोळा होऊन म्हणत होते, “बघा, डोरिसचं कसं छान आलंय.” त्या क्षणी माझ्या मनात तणनाशकाचा विचार आला नाही. मला राग आला. तणनाशकाचा विचार त्याच्यानंतर आला.

मी माफी मागत नाही. माफी मागण्याइतका मी अजून शांत झालेलो नाही. पण बारा दिवसांत तुझा वाफा जाईल आणि तुझ्या सहीशिवाय तो मला थांबवता येत नाही. कागद नसेल तर मार्लीनच्या किराण्याच्या यादीमागे लिही. ‘मी अपील करते. डोरिस.’ पुरे आहे.

इमॅन्युएल


रविवार, १२ मार्च २०२३

डोरिस,

तुझे पत्र शुक्रवारी मिळाले. ते इतके छोटे आहे की पूर्ण उतरवून काढतो, म्हणजे तू काय लिहिलेस हे तुलाही दिसेल.

“मॅनी, अपील चुकलेल्या माणसाने करायचं असतं. मी नाही करणार. बाटलीला लसणाचा वास येत होता, हे तू मला सांगतोयस? माझी बाटली होती ती. तू केलंस ते तू निस्तर. टोमॅटो उरले असतील तर थोच्या बायकोला दे, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. डोरिस.”

मी ते वाचून स्वयंपाकघरात इतक्या जोरात ओरडलो की शेजारच्या कुत्र्याने उत्तर दिले.

तुला वाफा हवा आहे. हवा नसता, तर टोमॅटोंची आठवण झाली नसती. सही मात्र करायची नाही! नव्वद दिवसांपैकी पंच्याऐंशी तू नाक वर करून घालवलेस आणि आता मला म्हणतेस, निस्तर. ब्रॉन्विनला फोन केला. ती काठी घेऊन चालू लागली आहे आणि तिची जीभ पहिल्यापेक्षा बरी झाली आहे.

“सहीशिवाय अपील घेता येणार नाही का?” मी विचारले.

“नियम कुणी लिहिले, मॅनी?”

“मी.”

“मग मला काय विचारतोस? चांगले घट्ट लिहिलेत तू.”

काल दिवसभर नियमावली वाचली. अपील चुकलेल्या माणसाने करायचे असते, हे तुझे म्हणणे बरोबर आहे, आणि ते बरोबर असल्याचा मला फार संताप आहे. दुसरी वाट एकच आहे. नियम सहा: सभेपासून माहिती लपवून घेतलेला निर्णय झालाच नाही असे मानावे. निर्णयच झाला नसेल, तर अपील कशाचे? तुझी सही लागणार नाही. तुझा वाफा तुझ्याकडून कधी गेलाच नव्हता, असे होईल.

पण माहिती लपवली गेली, हे सिद्ध व्हावे लागते. लपवणाऱ्याने ते सर्वांसमोर सांगावे लागते.

तू हे पहिल्यापासून जाणून होतीस का? ‘आता सभेलाच विचार’ म्हणालीस, ते याच्यासाठी? असेल तर तू फार दुष्ट आहेस.

शुक्रवारी, १७ तारखेला, संध्याकाळी साडेपाचला सर्वसाधारण सभा बोलावली आहे.

मॅनी

टोमॅटो श्रीमती थो यांना दिले. दोन टोपल्या.


रविवार, १९ मार्च २०२३

डोरिस,

सभेला ब्रॉन्विन सोडून एकतीस सभासद हजर होते. अवजारांच्या खोलीपुढे बाक मांडले. ब्रॉन्विन अध्यक्षस्थानी. मी उभा राहून सर्व वाचून दाखवले: लीद कुणी आणली, बाटलीत काय होते, ते मला कधी कळले, नववा हात कुणाचा. एक पान भरले. वाचायला चार मिनिटे लागली. मध्ये एकदा रेल्वेगाडी गेली तेव्हा मला थांबावे लागले.

स्टेलियोस पहिल्यांदा उठला. “थांब. म्हणजे माझे टोमॅटो तू मारलेस?”

“होय.”

“आणि मी डोरिसला तोंडावर नाही नाही ते बोललो!”

“होय.”

“वर्षभराचा सॉस गेला माझा! माझी बायको तुझ्यासाठी चर्चमध्ये मेणबत्त्या लावत होती, बिचाऱ्या मॅनीचंही पीक गेलं म्हणून! दोन महिने!” मग तो पाच मिनिटे ग्रीकमध्ये बोलला. मला त्यातले चार शब्द कळले आणि चारही योग्य होते.

हालिमा म्हणाली, “मी त्या दिवशी डोरिसच्या बाजूनं हात वर केला होता. त्यानंतर तू माझ्याशी महिनाभर बोलला नाहीस, मॅनीभाऊ. आठवतंय का?” मला आठवत होते.

१७ डिसेंबरचा निर्णय झालाच नाही असे मानावे, हा ठराव आला. एकतीस हात वर झाले. मी दोनदा मोजले. वाफा क्रमांक सतरा तुझा आहे आणि तो एक दिवसही दुसऱ्या कुणाचा नव्हता, असे इतिवृत्तात लिहिले. यादीतल्या त्या जोडप्याला मी स्वतः जाऊन सांगितले. बाईने माझ्या तोंडावर दार लावले.

यानंतर मी दुसरा ठराव मांडला. बागेत रसायन माझ्यामुळे आले. नियम नऊ.

“मॅनी, खाली बस,” ब्रॉन्विन म्हणाली. “झालं तेवढं पुरे झालं.”

“नियमात ‘हेतू काहीही असो’ असं आहे. डोरिसला जो नियम लावला, तो मला लावायचा नाही का?”

“अरे, पण याला काढलं तर कागदपत्रं कोण करणार?” स्टेलियोस म्हणाला. “मी नाही हं. मला शुद्ध लिहिता येत नाही.”

“मी पण नाही,” मागून कुणीतरी म्हणाले, आणि सगळे हसले.

मला ते हसू सहन झाले नाही. डोरिसची अब्रू घालवताना तुम्ही गंभीर होतात आणि माझ्या वेळी हसता, असे मी त्यांना ओरडून सांगितले. आवाज इतका चढला होता की बोलताना मला माझाच आवाज ओळखू आला नाही. मी म्हणालो, मत घ्या.

बाजूने: एक हात. माझा.

“विरोधात?” ब्रॉन्विनने विचारले आणि सगळ्यांकडे नजर फिरवली. पुन्हा विचारले.

डोरिस, तुला खरे सांगतो, मी वाट पाहिली. एक हात विरोधात आला असता, तर बरोबरी झाली असती आणि ब्रॉन्विनने अध्यक्षाचे निर्णायक मत मला वाचवायला टाकले असते. ती टाकणार होती, तिची काठी उचललेली होती. स्टेलियोस बुटांकडे पाहत होता. हालिमा ओढणी सारखी करत होती. श्री. थो यांनी दोन्ही हात खिशात घातले आणि माझ्याकडे सरळ पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी माझे वाक्य पूर्ण करावे, एवढेच त्यांना हवे होते.

बाजूने एक, विरोधात कोणी नाही, तीस तटस्थ. दिलेल्या मतांच्या बहुमताने ठराव मंजूर. मी ते वहीत लिहिले, सही केली, आणि वही ब्रॉन्विनच्या हाती देऊन फाटकातून बाहेर पडलो. कुणी हाक मारली नाही. घरी येऊन मी दोन तास भिंतीवर संतापलो, मग जेवलो.

श्री. थो तुझ्या वाफ्याला पाणी घालतात. काल ते माझ्या दारात आले, आत आले नाहीत. सर्वांच्या वतीने एक निरोप होता, तो तुला पोचवतो आणि माझे काम संपते. बागेतली बाकी माती अजून किमान एक वर्ष वाटाणा, वाल, बटाटा धरणार नाही. निर्धोक माती एकट्या सतराव्या वाफ्यात आहे. लोकांना विचारायचे आहे की, यंदा तुझ्या वाफ्यात प्रत्येक घराला वीतभर जागा मिळेल का, वाटाण्याच्या चार-चार दाण्यांपुरती. स्टेलियोसने स्वतः विचारण्याचे धाडस केले नाही. हालिमा म्हणते, जागा मिळाली तर ती मोजून वाटू नका, हातानेच वाटा.

त्यांनी हे मला विचारले होते. मी म्हणालो, जमीन डोरिसची आहे.

वाटाणा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पेरावा लागतो. हो की नाही, ते त्याआधी कळव. मला नको, मी आता बागेचा कुणी नाही. श्री. थो यांना कळव.

मॅनी